सावित्रीच्या हातातलं हँडल

मित्रांनो, मालवणजवळच्या चौके गावात माडांच्या बागेत जी थोराड, काळी मोटार उभी दिसते, ती मी. माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. बोटीने मुंबई बंदरात उतरले, काही वर्षं कोल्हापूरच्या एका डॉक्टरांकडे राहिले आणि १९५५ साली फोंडाघाट उतरून हरिश्चंद्रच्या दारात आले. हरिश्चंद्र आंबा-काजूचा व्यापारी होता. तो मला घेऊन सारखा घाट चढे आणि उतरे. पण मी सगळ्यांत जास्त ओळखते ती त्याच्या बायकोला, सावित्रीला.

हरिश्चंद्रचा उजवा हात एकदा मोडला आणि प्लॅस्टरमध्ये गेला, तेव्हा ती मला चालवायला शिकली. नऊवारी नेसून स्टिअरिंगमागे बसलेली बाई बघायला लोक कुंपणापाशी उभे राहत. पहिल्या आठ दिवसांत तिने मला दोनदा गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, नेऊन आदळलं. नवव्या दिवसापासून मात्र तिचा पाय क्लचवर असा अलगद पडू लागला, की माझी गाठ आता जाणत्या माणसाशी आहे हे मला कळलं.

१९६१ सालच्या पावसाळ्यात माझं पेट्रोल इंजिन थकलं. निळा धूर निघू लागला. घाट चढताना चार चार वेळा थांबून रेडिएटरमध्ये पाणी ओतावं लागे. गॅरेजवाल्याने कोल्हापूरहून कळवलं की दोनच रस्ते आहेत. एक तर जुनं इंजिन बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून गुळगुळीत करून घ्या, नाही तर ते काढून टाका आणि डिझेलचं बसवा. डिझेल इंजिन त्याच्या हाताशी होतं. पंधरा दिवसांत काय ते सांगायचं होतं.

झालं, घरात दोन तट पडले. हरिश्चंद्रचे थोरले भाऊ, ज्यांना सगळा गाव भाई म्हणे, त्यांचा जन्म आगबोटीच्या इंजिनखोलीत गेला होता. त्यांचा शब्द म्हणजे इंजिनाच्या बाबतीत शेवटचा शब्द.

"पेट्रोल घाटात धापा टाकता," भाई म्हणाले. "डिझेल बघ, आंब्याच्यो पेट्यो घेवन चढात, तरी हूं की चूं करूचा नाय. आणि पिता किती? ह्याच्या निम्म्या."

"आवाज?" सावित्रीने विचारलं. "बसणाऱ्याची हाडां खिळखिळी होतली."

"आवाजान कोण मरणा नाय गो."

खरं कारण तिने नंतर सांगितलं. आमच्या दमट हवेत माझी बॅटरी सारखी उतरे. मग पुढे लोखंडी हँडल घालून मला फिरवावं लागे. पेट्रोल इंजिन तिच्या हाताला वळत होतं. डिझेल वळेल का, ही तिला शंका होती.

भाईंनी तिला मुद्दाम गणपतच्या भातगिरणीवर नेलं. मी दारातच उभी होते, म्हणून सगळं पाहिलं. तिथल्या डिझेल इंजिनाचं हँडल तिने दोन्ही हातांनी धरलं, अंगातलं सगळं बळ लावलं. हँडल वर चढलं आणि झटका देऊन मागे आलं. तिचं मनगट मुरगळलं. दळण घेऊन आलेले लोक हसले.

"माझ्यान फिरवूक जाणा नाय," ती शांतपणे म्हणाली.

"तुका फिरवूक कोण सांगता?" हरिश्चंद्र म्हणाला. "आमी दोगे आसंव मगे."

"आणि तुमी दोगेय नसलास तर?"

शेवटी भाईंचाच शब्द राहिला. गणपती विसर्जन झालं आणि हरिश्चंद्र डिझेल इंजिन पक्कं करायला एसटीने कोल्हापूरला गेला. ज्या काळजावर मी इतकी धावले, ते आता भंगारात जाणार होतं.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमारास, भाई बागेत पडलेले नारळ गोळा करत होते. गवतात हात घातला आणि ते एकदम मागे सरले. बोटाला दोन ठिपके उमटले होते. गवतातून वेटोळं सोडवत फुरसं निघून गेलं.

"सावित्री," त्यांनी हाक मारली. आवाज अगदी संथ होता, पण चेहरा पांढरा पडला होता. "फुरसा चावला गो."

वाडीतले बापये आठवड्याच्या बाजाराला गेले होते. फुरशावरची लस होती ती सावंतवाडीच्या दवाखान्यात. सावित्रीने शेजारच्या हौसाबाईला हाक मारली, दोघींनी मिळून भाईंना माझ्या मागच्या सीटवर बसवलं, हात हलू नये म्हणून फळीला बांधला. मग तिने बटण दाबलं. मी नुसतं खट् केलं. बॅटरी उतरली होती.

तिने हँडल काढलं. एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं. मित्रांनो, मी थकलेली होते, पण त्या दिवशी मी जीव गोळा केला. तिसऱ्या फेरीला मी पेटले.

कुडाळच्या वाटेवर पावसाची सर कोसळली. भाईंचा हात कोपरापर्यंत सुजला. हौसाबाई देवाचं नाव घेत होती. मध्येच भाईंनी रुमाल तोंडाला लावला, तो लाल झाला. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. सावित्रीने आरशातून ते पाहिलं आणि ॲक्सिलरेटर आणखी दाबला.

पुढे व्हाळ, म्हणजे ओढा, आडवा आला. त्यावर पूल नव्हता, नुसती फरशी होती, आणि फरशीवरून गुडघाभर लाल पाणी वाहत होतं. थांबावं तर पाणी चढणार, परत फिरावं तर भाई जाणार. तिने पहिला गिअर टाकला आणि मला पाण्यात घातलं. मधोमध पोचलो आणि पंख्याने उडवलेलं पाणी माझ्या तारांवर बसलं. मी दोन आचके दिले आणि बंद पडले.

"गेला सगळा!" हौसाबाई ओरडली.

"गप, हौसा," भाई म्हणाले. त्यांना बोलताना दम लागत होता. "सावित्री, बॉनेट उघड. थंय एक काळी टोपी आसा, तिच्यात तारा गेल्यात. मी सांगतंय तसा कर."

ती पाण्यात उतरली. प्रवाह तिच्या पायांना ओढत होता. तिने टोपी शोधली, क्लिपा सोडवल्या.

"तारा उपटू नको. टोपी आतसून पूस. सुक्या कपड्यान."

तिच्या अंगावर सुका असा धागा नव्हता. तिने दार उघडून माझ्या सीटवरची खोळ ओढली, टर्रकन फाडली आणि आपल्या अंगाचा आडोसा करून ती टोपी पुसली. एकदा, पुन्हा एकदा. टोपी बसवली. मग पाण्यात वाकून हँडल घातलं. मुरगळलेलं मनगट अजून सुजलेलं होतं. पहिली फेरी फुकट गेली. दुसऱ्या फेरीला मी खोकले. तिसऱ्या वेळी तिच्या तोंडून किंकाळी निघाली, आणि तिच्या पाठोपाठ माझी सहाच्या सहा सिलिंडरं बोलू लागली.

सावंतवाडीला पोचलो तेव्हा भाईंची शुद्ध हरपत होती. लस टोचली गेली. सावित्री माझ्या पायरीवर बसून राहिली, चिखलाने माखलेली. डॉक्टर बाहेर येऊन "वाचतील" म्हणाले, तेव्हा कुठे ती रडली.

हरिश्चंद्र दुसऱ्या दिवशी धावत आला. खाटेपाशी जे बोलणं झालं ते हौसाबाईने परतीच्या वाटेवर इतक्यांदा सांगितलं, की मला पाठ झालं.

"डिझेल आसता तर व्हाळात बंद पडला नसता," भाई म्हणाले होते. "ह्या खरा. मी खोटा बोलूचंय नाय."

सावित्रीने त्यांच्या उशाशी पाण्याचं भांडं ठेवलं.

"पण ता अंगणातच उभा रवला आसता," भाई पुढे म्हणाले, "आणि मी अंगणातच मेलो आसतंय. आगबोटीत हँडल मारूक चार माणसां आसत. घरात कोण आसा, ह्याचो विचार मी केलंयच नाय."

हरिश्चंद्र तिच्याकडे वळला. मग लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर त्याने पहिल्यांदाच बायकोला विचारलं, "तुझा काय म्हणणा?"

"आसा ताच बोअर करून घेवया," ती म्हणाली. "पेट्यो ट्रकान जावंदेत. गाडी घराची आसा."

त्याला ते जड गेलं. शब्द मोडल्याबद्दल गॅरेजवाल्याचं बोलणं खावं लागलं, आणि माझ्यातून माल नेण्याचा बेतही सोडावा लागला. पण त्याने सोडला. बरे झाल्यावर भाईंनी सावित्रीला शेजारी उभं करून माझा एकेक भाग उघडून दाखवला. पुढची सात वर्षं बाळंतिणी, तापाने फणफणलेली पोरं, झाडावरून पडलेले गडी, सगळ्यांसाठी रात्री-अपरात्री माणसं तिला हाक मारत. 'सावित्रीवयनीची गाडी' हे माझं नाव झालं. त्याहून मोठी शाबासकी मला नको होती.

आता माझी धाव संपली आहे. दारात नवी, लहान मोटार आली आहे आणि माझ्या टायरांतून गवत उगवलं आहे. त्याचं दुःख फार नाही.

पण मित्रांनो, तुमच्या घरी गाडी घ्यायची चर्चा निघेल. पेट्रोल की डिझेल, ताकद किती, पिते किती, हे जरूर बोला. दोन्ही इंजिनं आपापल्या जागी गुणी आहेत. पण त्या बैठकीत स्वयंपाकघरातल्या माणसालाही बोलवा, आणि ते बोलेल तेव्हा हसू नका. आणि गाडी आली, की तिची बॅटरी, तिच्या तारा, तिचं पाणी यांच्याकडे रोज एकदा बघत जा. आम्हाला बोलता येत नाही. ज्या दिवशी घरातलं कोणी मागच्या सीटवर आडवं पडलेलं असतं, त्या दिवशी तुम्ही आमची काय निगा राखली होती, एवढंच आम्ही सांगू शकतो.