चष्म्यात न उमटलेलं ‘नको’

ओडेट सिल्वेरा ऑफिसात नेमकं काय करते, हे तिच्या सख्ख्या वडिलांनाही ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच तर गिल्बेर्तो म्हणायचे, "कंप्युटरचं काहीतरी. मी विचारलं की पोरगी हवापाण्यावर बोलायला लागते."

ऑस्ट्रेल कंपनीची रीतच तशी होती. ओडेटच्या खोलीला खिडकी नव्हती आणि शेजारच्या खोलीत काय चाललंय ते तिला कळत नसे. वस्तूत बोट ठेवायला जागा उरली नाही की मगच तिच्यावरचा पडदा उठायचा. त्याला वर्षं लागली तर लागू देत. तोवर नवऱ्याला, बायकोला, आईबापाला अवाक्षर बोलायचं नाही. नोकरीवर येताना सगळे तसं लिहून देत, आणि काही दिवसांनी त्याचा अभिमानही वाटायला लागे.

आमच्या सनीवेल गावातच, हायवे ओलांडला की फ्लिंडर कंपनी होती. तिथला कारभार अगदी उलटा. वस्तू चालायला लागली की बाजारात सोडायची. लोक वापरतील, शिव्या देतील, मग त्या ऐकून दुरुस्त करायची. भिंतींवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी मोठ्या अक्षरांत झळकत आणि पोरं त्यांच्याखाली बसून डबे खात.

फ्लिंडरमध्ये वेस तानाबे होता, ओडेटचा कॉलेजपासूनचा मित्र. दोघं भेटले की एकमेकांना सोडत नसत.

"काय गं, तुमचं बाळ अजून पोटातच का?" वेस विचारायचा.

"तुमचं तर जन्मल्या दिवशीच शाळेत गेलं म्हणे. चड्डी न घालता."

"अगं, गेलं तरी! शिकतंय. तुमचं पोटातच म्हातारं होणार."

दोघांनाही ठाऊक नव्हतं, की हायवेच्या दोन्ही बाजूंना एकच वस्तू घडत होती. बहिऱ्यांसाठी चष्मा. समोरचा माणूस बोलला की त्याचे शब्द काचेवर उमटायचे आणि ऐकू न येणारा ते वाचायचा.

ओडेटनं हे काम मागून घेतलं होतं. गिल्बेर्तोंची उमर सॅन होजेच्या फळं डबाबंद करणाऱ्या कारखान्यात, यंत्रांच्या खडखडाटात गेली होती. कान कधीच गेले होते. बायको होती तोवर ती जवळ वाकून त्यांना सगळं सांगायची. ती गेल्यावर त्यांनी पोर्तुगीज क्लबात जाणं सोडलं. पत्ते कळायचे, पण पत्त्यांवरच्या गप्पा कळायच्या नाहीत. "सगळे हसतात तेव्हा मी पण हसतो," ते एकदा ओडेटला म्हणाले होते. "मग कळतं, कुणाच्या तरी मयताचं चाललं होतं."

ऑस्ट्रेलचा चष्मा केव्हाच चालायला लागला होता. तो अडला होता एका खोडीपाशी. पंखा, मिक्सर, गाड्या असा एकसुरी आवाज मागे असला की वाक्यातला नकार गळून जायचा. ‘नको’, ‘नाही’, ‘करू नका’ हे शब्द बोलताना लोक भरकन गिळतात. आवाजात ते बुडायचे आणि उरलेलं वाक्य काचेवर अगदी शहाण्यासारखं उभं राहायचं. चूक दिसायचीच नाही. ओडेटच्या माणसांनी ती खोड मुळापासून शोधली आणि तिच्यावर उपायही काढला. तरी तिची साहेबीण कोरीन ऑल्डस म्हणाली, "अजून थोडं. फ्रेम जड वाटते."

फ्रेम हलकी होईपर्यंत फ्लिंडरनं आपला चष्मा बाजारात आणला.

गिल्बेर्तोंनी तो लेकीला न विचारताच घेतला. रविवारी ओडेट जेवायला गेली तर दार उघडलं तेच चष्मा घालून. चेहरा नुसता फुललेला.

"बोल काहीतरी!"

"काय बोलू, पापा?"

"काय बोलू, पापा!" त्यांनी काचेवरचं वाचून दाखवलं आणि तिचे गाल दोन्ही हातांत धरले. "अगं पोरी, तू तर तुझ्या आईसारखी बोलतेस. ‘काय बोलू’ म्हणून सुरुवात करायची नि मग थांबायचंच नाही."

स्वयंपाकघरात धूर ओढणारा पंखा घरघरत होता. ते लिंग्विसा, म्हणजे पोर्तुगीज सॉसेज, तळत होते. ओडेट टेबलाशी बसली. तिची नजर त्या फ्रेमवर होती. जाड, बेढब, कडा खरखरीत. वेसच्या लोकांनी ती खोड दूर केलीय का, हे तिला त्या क्षणी जाणून घ्यायचं होतं. ते वाढायला आले तेव्हा ती नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"पापा, मला आणखी नको."

गिल्बेर्तोंनी काचेवरचं वाचलं, हसून मान डोलावली आणि तिच्या ताटात आणखी एक सॉसेज ठेवलं.

ओडेटनं ते खाल्लं. चावताना तिच्या मनात पहिलं आलं ते असं, की चला, फ्लिंडरवाले फसले. आपण थांबलो ते बरोबर होतं. आतून तिला गुदगुल्या झाल्या. वडिलांचा विचार त्यानंतर आला, आणि तोही असा, की आता सांगायचं म्हणजे हे मला कसं ठाऊक तेही सांगावं लागेल.

"चांगलाय ना गं?" गिल्बेर्तोंनी विचारलं. "तुला यातलं कळतं. खरं सांग."

"चांगलाय, पापा."

ते पुन्हा क्लबात जायला लागले. मानी बोर्जेस नावाच्या भिडूशी पत्त्यांवरून भांडायला लागले. दर रविवारी ओडेटला तिथल्या कुचाळक्या ऐकवायला लागले. प्रत्येक रविवारी तिला वाटायचं, आज सांगू. निदान पंखा बंद करून बोलत जा, एवढं तरी. पण ते बोलत सुटायचे, आणि ती ऐकत बसायची.

उन्हाळ्यात त्यांची एक दाढ काढायची ठरली. आधीच्या तपासणीला ओडेट सोबत जाणार होती, पण त्याच दिवशी कोरीनच्या वरच्या साहेबांपुढे चष्मा मांडायचा होता.

"तू कशाला येतेस?" गिल्बेर्तो म्हणाले. "आता मी काही बहिरा नाही."

त्यांच्या हृदयाचे ठोके चुकायचे, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू होती. दातांच्या डॉक्टरीण बाईंनी खुर्चीत तपासताना थुंकी ओढायची नळी चालूच ठेवली होती. पुढच्या आठवड्यात यायला सांगून त्या म्हणाल्या, "तोवर रक्ताची गोळी बंद करू नका हं."

काचेवर उमटलं, रक्ताची गोळी बंद करा.

ओडेट मध्ये एकदा त्यांच्याकडे डोकावली तेव्हा बेसिनपाशी गोळ्यांची डबी भरलेली दिसली.

"गोळ्या नाही घेतल्या, पापा?"

"डॉक्टरनं बंद केल्यात. दाढ काढायची ना. रक्त थांबायला नको का?"

हे पटण्यासारखं होतं. कुणालाही पटलं असतं. पण ओडेट कुणीही नव्हती. तिच्या मनात काहीतरी खुट्ट वाजलं. डॉक्टरला फोन करावा, असं वाटून तिनं फोन हातात घेतलासुद्धा. तेवढ्यात कोरीनचा निरोप आला, फ्रेमचा नवा नमुना आलाय म्हणून. ती निघाली.

गिल्बेर्तो क्लबातच कोसळले. हातातले पत्ते गळाले आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मानीनं अँब्युलन्स बोलावली. ओडेट हॉस्पिटलात पोचली तेव्हा त्यांचा उजवा हात चादरीवर परक्यासारखा पडला होता. ते काहीतरी सांगत होते, पण नुसतेच आवाज निघत होते.

मेंदूत रक्ताची गुठळी गेली होती. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "गोळी का थांबवली यांनी?"

ओडेटनं दातांच्या डॉक्टरीण बाईंना फोन लावला. त्या बाई घाबरून गेल्या. "छे हो! मी स्पष्ट म्हटलं, बंद करू नका. त्यांनी मान डोलावली. चष्मा होता ना त्यांना!"

ओडेटनं फोन ठेवला. कॉरिडॉरमध्ये एक बाई चिप्स खात होती. तिच्याकडे बघताना ओडेटच्या तोंडात लिंग्विसाची चव आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती हायवे ओलांडून फ्लिंडरच्या कँटीनमध्ये गेली. वेसला तिनं सगळं सांगितलं. नकार का गळतो, कुठल्या आवाजात गळतो आणि त्यावर उपाय काय. ऑस्ट्रेलच्या त्या खोलीतली कितीतरी माणसांची मेहनत तिनं कागदाच्या रुमालावर काढून दाखवली.

वेसनं रुमाल उचलून वाचला. "हे तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"तुमचा चष्मा येण्याआधीपासून."

"आणि तू गप्प?"

"तुम्ही तरी तपासायचं होतं! रस्त्यावरच्या माणसाला घालायला देण्याआधी!"

"आम्हाला सापडलं असतं, ओडेट. कुणी तक्रार केली असती की—"

"तक्रार करायला तो माणूस बोलता राहायला हवा, वेस."

वेसनं रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. चष्म्यात असं काही असू शकतं याची कुणकुण त्यालाही होती. एका बाईनं लिहिलं होतं, की चष्मा कधीकधी उलटंच सांगतो. त्यानं ती तक्रार मागच्या रांगेत ढकलली होती. हे तो त्या दिवशी ओडेटला बोलला नाही. कितीतरी दिवसांनी बोलला.

पण पुढचं त्यानं झटपट केलं. संध्याकाळपर्यंत विकलेल्या सगळ्या चष्म्यांवर सूचना गेली, की औषधांचं आणि कामाचं बोलणं लिहूनच घ्या. आठवडा संपायच्या आत दुरुस्ती गेली. ऑस्ट्रेलला तेच जगापुढे न्यायला वर्ष लागलं असतं.

फ्लिंडरमधून ओडेट थेट कोरीनकडे गेली होती. काय केलं ते तिनं स्वतःच सांगितलं.

कोरीन चिडली नाही. "तुझ्या वडिलांचं ऐकून वाईट वाटलं," ती म्हणाली. "पण तू सगळ्या खोलीचं काम देऊन आलीस. आपण थांबलो, ओडेट. म्हणून आपल्या हातून कुणाचं वाईट झालं नाही."

"आपल्या हातून नाही झालं. आपल्या डोळ्यांदेखत झालं."

"ते आपलं काम नव्हतं."

"माझं होतं. ते माझे वडील आहेत."

दिवस मावळायच्या आत तिचं ओळखपत्र काढून घेतलं. खोलीतल्या माणसांचा निरोप घ्यायला तिला आत सोडलं नाही. तिला त्यांच्यापुढे उभं राहायचा धीरही नव्हता. आपण त्यांना विकलं, असं तिला वाटत होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

गिल्बेर्तोंचं बोलणं हळूहळू परत आलं, अडखळत. हात तेवढा आला नाही. व्यायामाच्या वॉर्डात ते खिडकीशी बसलेले असताना ओडेटनं स्वतः त्यांच्या डोळ्यांवर दुरुस्त झालेला चष्मा चढवला आणि समोर खुर्ची ओढली.

"पापा, या चष्म्याची खोड मला ठाऊक होती. त्या रविवारी मी ‘नको’ म्हटलं आणि तुम्ही वाढलंत. मला तेव्हाच कळलं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

त्यांनी काचेवरचं शेवटपर्यंत वाचलं.

"का?" ते म्हणाले.

"नोकरी जाईल म्हणून. आणि..." तिनं काचेकडे बघून उरलेलं सांगितलं. "दुसऱ्यांची चूक निघाली म्हणून मला बरं वाटलं होतं."

"मी तुला वि... विचारलं होतं. चांगलाय ना."

"हो."

"तू म्हणालीस, चांगलाय."

"हो, पापा."

त्यांनी डाव्या हातानं चष्मा काढला. एका हातानं घडी घालता येईना. ओडेट मदतीला पुढे झाली तर त्यांनी चष्मा आपल्याकडे ओढून घेतला, मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. चष्मा नसला की त्यांना काही ऐकू येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती तशीच बसून राहिली. नर्स त्यांना न्यायला आली तेव्हा उठली.

पुढचे काही रविवार त्यांनी तिला बोलावलंच नाही. मग एकदा मानीचा फोन आला, "तुझा बाप विचारतोय, येत का नाहीस म्हणून." ती गेली. त्यांनी डाव्या हातानं गोड पाव कापला, वेडावाकडा. क्लबातलं काही सांगितलं नाही, पण तिला विचारलं, "आता काय करणार?"

वेसनं तिला फ्लिंडरमध्ये बोलावलं होतं. जिथल्या माणसाला वस्तू बाजारात जायच्या आधी ‘अजून नाही’ म्हणता येईल, अशी जागा त्यानं भांडून मिळवली होती. ओडेटनं ते सांगितलं.

"जा," गिल्बेर्तो म्हणाले. "पण माझ्यासाठी जाऊ नकोस. मी... मी तुला अजून माफ केलेलं नाही."

"माहीत आहे, पापा."

"आलं लक्षात?"

"आलं."

त्यांनी पाव तिच्या पुढ्यात सरकवला. ती जेवली, भांडी घासली आणि निघताना गोळ्यांची डबी उघडून पाहिली. मागून त्यांचा आवाज आला, "घेतलीय सकाळी." ती डबी बंद करून गाडीत जाऊन बसली.