नायिफची फाइल

अम्मानमधल्या त्या कचेरीत नायिफची खुर्ची अजून कुणी हलवली नव्हती. हलवणार तरी कोण! डायलिसिसच्या यंत्राचं सॉफ्टवेअर ही मंडळी लिहीत. त्यातला इशाऱ्याचा भाग नायिफचा, आणि उन्हाळ्यात तोच त्या यंत्रावर उपचार घेता घेता गेला. तेव्हापासून त्याने लिहिलेल्या प्रोग्रामच्या फाइलला कुणी हात लावेना. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या सुहैरला मात्र ती उघडली की वाटायचं, तो गेलाच नाही. ओळीओळीशेजारी, ती लिहिणारा म्हणून, त्याचंच नाव.

त्या सकाळी तिने नव्या आवृत्तीचा तक्ता उघडला. ज्या फाइलमध्ये गुंतागुंत फार आणि बदल वारंवार, तिथे चूक निघण्याचा संभव जास्त. अशी फाइल तक्त्यावर लाल दिसते. आज सगळं हिरवंगार होतं.

"झालं तर मग, पाठवू हॉस्पिटलला," तिचे साहेब अबू घसान खुशीत म्हणाले.

"नायिफची फाइल कुठाय यात?"

त्यांनी नजर चुकवली. "मोजणीतून काढली मी. रोज लाल, रोज लाल! अगं, तो जाऊन चाळीस दिवसही झाले नव्हते, चाळिसावाही व्हायचा होता. गेलेल्या माणसाची अब्रू भिंतीवर टांगायची का?"

"धन्य आहे तुमची!"

तिने ती फाइल परत मोजणीत घातली. मधोमध लाल ठिपका उमटला, बाकी सगळ्यांहून मोठा. तिने बदलांची नोंद उघडली. शेवटचे काही आठवडे नायिफ दर उपचारानंतर थेट या फाइलकडे यायचा, एकाच जागी बदल करायचा, पुन्हा खोडायचा. बिचारा काहीतरी शोधत होता. तिने ती जागा नीट वाचली. नर्सने एक इशारा गप्प केला, की रक्ताच्या नळीत जीवघेणी हवा शिरल्याचा पुढचा इशारा वाजतच नव्हता.

"अबू घसान, नायिफ गेला तेव्हा यंत्र वाजलं होतं?"

"नाही ना. म्हणून तर सगळे म्हणाले, हृदय बंद पडलं." बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. ते मटकन बसले, नेमके नायिफच्याच खुर्चीत.

सुहैरचे वडील या घटकेला तसल्याच यंत्राला जोडलेले होते. तिने त्यांना फोन लावला.

"बाबा, यंत्र वाजलं तर कुणाला बटण दाबू देऊ नका! नर्सला सांगा, यंत्रच थांबव म्हणावं!"

"अगं, हळू, कान फुटतील! कधीचं बोंबलत होतं ते. आत्ताच गप्प केलं तिने." वडील हसले. "बघ, किती शांत झालंय."