डोंगरावर ठेवलेली आई

वादळ थेट आपल्या किनाऱ्यावर येणार, असं रेडिओ सांगू लागला, तशी मिग्दालियाने आईला डोंगरात मावसबहिणीकडे, नेरेइदाकडे नेऊन ठेवलं. म्हातारी वाटभर कुरकुरत होती. मिग्दालिया एकटी घर राखायला परत आली.

पण वादळाने ऐनवेळी वाट बदलली. किनाऱ्यावर केळीची चार झाडं आडवी झाली, आणि डोंगर मात्र पार उद्ध्वस्त झाला. फोन बंद, रस्त्यांवर दरडी.

मिग्दालियाचा पाय घरात ठरेना.

"रस्ता मोकळा होईस्तोवर थांब," शेजारचा चागो म्हणाला.

"आईला तिथं मीच नेऊन ठेवलंय. कशी थांबू?"

गाडी गेली तिथवर नेली, पुढे ती चिखल तुडवत, पडलेली झाडं ओलांडत चढत राहिली. डोंगरावर हिरवं पान उरलं नव्हतं. भेटेल त्याला ती नेरेइदाचं नाव सांगून विचारी. कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

नेरेइदाच्या घराला छप्परच नव्हतं. मिग्दालिया घराकडे धावली. "आई!" ती ओरडली.

"ओरडतेस काय? बहिरी नाही मी." म्हातारी मागच्या अंगणात तीन दगडांवर कॉफी उकळत होती. "छप्पर उडालं तशी नेरेइदाने मला न्हाणीघरात कोंबलं. आपलं घर?"

"जसंच्या तसं आहे," मिग्दालिया खाली मान घालून म्हणाली.

"मग काय मला मरायला आणलं होतंस इथं, भवाने?"

म्हातारीने तिचं मनगट घट्ट धरलं आणि सोडलंच नाही. मिग्दालियाने दुसऱ्या हाताने कॉफी प्यायली.