दहा ते चार चूल बंद

आमच्याकडे दर दहा घरांमागे एक प्रमुख असतो. त्याची निवड बैठकीत होते, आणि जो बैठकीला आलेला नसतो त्याची होते. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर माझी दाढ ठणकत होती म्हणून मी घरी पडून राहिलो. दुपारी शेजारची म्यिनमावशी ओठात चिरूट धरून कुंपणापाशी आली.

"सान फे, तुला प्रमुख केलंय."

"कोणी सुचवलं?"

"मीच. म्हटलं, पोस्टातनं निवृत्त झालाय, दिवसभर नुसता लोळतो. शिक्के मारायची सवयही आहे."

तीस वर्षं मी शिक्केच मारले होते.

एरवी या पदाला काही काम नसतं. लग्नात पुढे बसायचं, मयताला मागे चालायचं. पण आदल्या उन्हाळ्यात नदीपलीकडचं लेपानगाव भर दुपारी जळालं होतं. कोणाच्या तरी चुलीतली एक ठिणगी, वर वारा आणि ताडाच्या झापांची छपरं. माणसं जेवून आडवी झाली होती. उठली तेव्हा साठ घरं गेली होती. नदी कोरडी असल्यामुळे आम्ही धावत पलीकडे पोचलो, आणि नदी कोरडी असल्यामुळेच पोचून काही उपयोग झाला नाही.

म्हणून या वर्षी तालुक्याचे अग्निशमन अधिकारी ऊ वुन्ना स्वतः मोटारसायकलवरून आले. सभ्य माणूस. उन्हाने नाक सोललेलं, खिशात घामाचा रुमाल. त्यांनी नियम वाचून दाखवले. सकाळी दहा ते दुपारी चार गावात चूल पेटवायची नाही. प्रत्येक घरी जळतं छप्पर ओढून पाडायला लांब बांबूचा आकडा, ठिणग्या विझवायला झोडपणं, वाळूच्या दहा पिशव्या आणि भरलेले माठ. आठ दिवसांनी तपासणी.

आठ दिवसांत दहा घरांत मिळून एक आकडा तयार झाला. साहेब एका घराच्या पुढच्या दाराने बाहेर पडले की आकडा मागच्या कुंपणावरून पुढच्या घरी जायचा. सातव्या घरी साहेब थबकले.

"सगळे आकडे अगदी सारखे आहेत हो."

"गावात लोहार एकच आहे, साहेब," मी म्हणालो. हे खरंच होतं.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. चूल बंद ठेवण्याचंही लोकांना काही वाटलं नाही. सकाळीच भात रांधून ठेवायचा आणि दुपारी गार खायचा. अडचण एकाच घराची होती. ठुन वा आणि मा न्यो या नवराबायकोची.

ठुन वा चाळीस ताड चढतो. चढतो कसला, बोलतो त्यापेक्षा चढतोच जास्त. पहाटे सुरुवात केली की शेवटच्या झाडावरून रसाची मडकी उतरवून घरी यायला नऊ वाजतात. मग मा न्यो तो रस अंगणातल्या लांब चुलीवर, चार कढयांत ओतून कढवते. गूळ व्हायला चार तास लागतात. आणि आमच्याकडचं ऊन असं, की न कढवलेला रस दुपारी फसफसतो आणि चारपर्यंत आंबून जातो. उन्हाळ्यातल्या या तीन महिन्यांच्या गुळावर त्यांचा वर्षाचा तांदूळ असतो. शेत नाही, बैल नाही.

मी नियम सांगायला गेलो तेव्हा ती कढईवरचा फेस काढत होती.

"ताडाला सांगा की, काका. म्हणावं, सरकारी हुकूम आहे, रस चारनंतर दे."

"संध्याकाळचा रस असतोच ना?"

"असतो. तो कढवीन मी. सकाळचा काय पायावर ओतून घेऊ?"

"अर्धा तरी हाती लागेल."

"मग आम्ही एक दिवसाआड जेवतो. चालेल ना प्रमुखांना?"

ठुन वा कोयतीला धार लावत होता. त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. त्याच्या मानाने हे भाषणच होतं.

मी ठरवलं, आपण पाहायचंच नाही. पहिले चार दिवस मी दहा वाजले की खुर्ची उलटी करून रस्त्याकडे पाठ करून बसत असे. पण गावाने बांबूचा टेहळणी मनोरा बांधला होता आणि त्यावर म्हातारा ओं पे बसवला होता. त्याला दहा हातांपलीकडचं दिसत नाही, म्हणून त्याला हे काम दिलं होतं. दुसरं कुठलं जमलं नसतं. नाक मात्र तिखट. रस उकळायला लागला की मनोऱ्यावर घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा ठणाणा वाजायचा आणि सगळी आळी आकडा घेऊन मा न्योच्या अंगणात. आता आलोच आहोत तर म्हणून लोक पानावर गरम काकवी घेऊन चाटत उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी काही जण येतानाच वाट्या घेऊन आले.

"आग कुठाय?" मी विचारलं.

"विझली वाटतं," बोटं चाटत म्यिनमावशी म्हणाली. "उद्या परत बघू."

घंटेचा हिशोब तालुक्याला जातो, हे आमच्या कोणाच्या ध्यानात आलं नाही. पाचव्या दिवशी ऊ वुन्ना हजर. त्यांनी चुलीकडे पाहिलं, वरच्या झापाकडे पाहिलं, मधलं अंतर हाताने मोजलं. सहा हात.

"लेपानगावात पंधरा हात होतं," ते म्हणाले. "तिथली एक बाई होती, घरात झोपलेली नातवंडं... जाऊ दे. बाई, मला हे बंदच करावं लागेल."

"साहेब, लाकडं नाहीत, झावळ्या जाळतो. पाण्याचे चार माठ शेजारी ठेवलेत. मी उठत नाही इथनं."

"तुम्ही उठत नाही, मान्य. वारा उठतो ना."

साहेब बरोबर होते. ते चुकीचे असते तर मी भांडलोही असतो.

"गावाबाहेर ताडांपाशी नेऊ का चूल?" ठुन वा म्हणाला. आम्ही सगळे त्याच्याकडे वळलो. आवाज बरा होता त्याचा.

"न्या की!" साहेब खुलले. "फक्त जिल्ह्याची परवानगी लागेल. अर्ज करा. मी शिफारस देतो."

अर्ज मी लिहिला. पोस्टातल्या अक्षरात, दोन प्रतींत. साहेबांनी खरोखर शिफारस दिली. अकरा दिवसांनी उत्तर आलं: चुलीपासून जवळच्या छपरापर्यंतचं अंतर दाखवणारा नकाशा जोडावा. मी आणि ठुन वाने दोरी टाकून भर उन्हात अंतर मोजलं, नकाशा काढला, ताडसुद्धा दाखवले. नऊ दिवसांनी तो परत आला: नकाशा सरकारी मोजणीदाराचा हवा. मोजणीदार महिन्याच्या अखेरीस येतो, असं तालुक्याच्या कचेरीत कळलं. कुठल्या महिन्याच्या, ते तिथल्या कारकुनालाही माहीत नव्हतं.

तोवर लेखी हुकूम माझ्या नावावर होता. रोज दहाला त्या चुलीवर पाणी ओतायचं आणि वहीत सही करायची. पहिल्या दिवशी गेलो तेव्हा कढयांतला रस नुकताच पिवळा पडू लागला होता. मी हंडा शोधत इकडेतिकडे पाहिलं.

"इथाय, काका," मा न्यो म्हणाली. तिनेच भरून ठेवला होता. "तुमची कंबर धरते ना, म्हणून अर्धाच भरलाय."

मी ओतलं. फस्सकन वाफ आली, राख उडाली, थोडी कढईत पडली. तिने ती झाऱ्याने काढली, जणू त्या रसाचं अजून काही होणार होतं.

"अजून थोडं ओता. त्या टोकाला निखारा आहे."

मी त्या टोकाला ओतलं. मग वहीत सही केली.

असं एकोणीस दिवस चाललं. नऊला सुरू करायचं, दहाला विझवायचं. मी तिला म्हटलं, पेटवूच नको ना, माझीही फेरी वाचेल. ती म्हणाली, "एखाद दिवस तुम्ही आजारी पडाल, या आशेवर पेटवते." मी आजारी पडायचा प्रयत्न केला. दोन दिवस अंथरुणात राहिलो. तिसऱ्या घरातला उपप्रमुख माझ्या वतीने पाणी ओतून आला आणि त्याची कंबर चांगली होती, त्यामुळे त्याने पूर्ण हंडा ओतला.

विसाव्या दिवशी गेलो तर चूल थंड. अंगणात कढया एकात एक घालून दोरीने बांधलेल्या.

"उत्तरेला खाणीवर चाललोय," ती म्हणाली. "ह्यांचा मामेभाऊ आहे तिथं."

"खाणीत काय करणार हा? हा वर चढणारा माणूस."

"तेच म्हटलं मी. म्हणतात, आता खाली उतरून बघतो."

"मोजणीदार येईल गं. महिनाअखेर काही लांब नाही."

"आला की त्याला बसवा, पाणी द्या," मा न्यो म्हणाली आणि घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. ठुन वाने वाकून नमस्कार केला. मी काही बोलायला पाहिजे होतं. प्रमुख होतो, वयाने मोठा होतो. मी म्हणालो, "सांभाळून जा." बस आली, गेली.

मोजणीदार आला नाही. ऊ वुन्ना मात्र हंगामाच्या शेवटच्या तपासणीला आले. दहाव्या घराचं कुलूप मी काढून दिलं. त्यांनी चूल पाहिली. राखेत कोंबडी बसली होती. माठ भरलेले होते, ते मीच भरत होतो. वाळूच्या पिशव्या दहाच्या दहा. साहेबांनी तक्त्यावर खुणा केल्या, रुमालाने मान पुसली आणि खाली बेरीज केली.

"पूर्ण गुण फक्त याच घराला मिळतात," ते हळू आवाजात म्हणाले. "घरमालकाचं नाव लिहावं लागेल."

मी दोघांचीही नावं सांगितली. त्यांनी नीट लिहून घेतली.

"सध्याचा पत्ता?"

"माहीत नाही, साहेब. अजून पत्र आलेलं नाही."

त्यांनी ती जागा कोरी सोडली आणि सहीसाठी तक्ता माझ्यापुढे धरला.