टायरवरचा दुपट्टा

एकोडीच्या वळणावर कैलाशच्या गाडीचा मागचा टायर फुटला तेव्हा गाडीला दोन बाजूंनी दुधाच्या कॅन लटकत होत्या आणि मागे बायको उर्वशी बसली होती. गाडी आडवी घसरत गेली. एक कॅन उर्वशीच्या उजव्या हातावर आदळली आणि कोपराच्या वरचे हाड मोडले. टायर झिजून आतले कापड महिनाभरापासून दिसत होते. कैलाशने ते पाहिले होते.

डेअरीवाल्याने त्याला सोमवारपर्यंत मुदत दिली. तोपर्यंत गाडी दुरुस्त होऊन चालू झाली नाही, तर गावचे दूध साकोलीला पोचवण्याचे काम टेम्पोवाल्याकडे जाणार होते.

ही दोन-स्ट्रोक गाडी बनणे बंद होऊन बरीच वर्षे झाली आहेत. तिच्या मागच्या चाकाला सोळा इंची टायर लागतो आणि दुकानांतून मिळतात ते सतरा नाहीतर अठरा. साकोलीच्या बाबूलालने आपले टायरचे दुकान धुंडाळून दोन सोळा इंची काढून दाखवले. एक इतका रुंद होता की चेनच्या कव्हरला घासला असता. दुसऱ्यावर नुसत्या सरळ रेषा होत्या.

"हे समोरचं टायर होय," बाबूलाल म्हणाला. "मागं लावशीन अन् कॅन लादशीन, त आता हात तुटला, मंग मान तुटंल. माहं ऐक. चाकाचं मधलं हब हेच ठेव, सतराची रिम टाकू, नवे स्पोक टाकू. मंग जिंदगीभर टायरची कटकट नाही."

"रिम बदलायची नाही. सासऱ्यानं आंदणात देल्लेली गाडी हाय."

"सासरा वरून रिम पाहाले येते का बे?"

कैलाश हसला नाही. आंबागडच्या सासऱ्याने दोन्ही मुलींची लग्ने एकाच मांडवात लावली होती आणि दोन्ही जावयांना एकसारख्या गाड्या दिल्या होत्या. दुसरी गाडी उर्वशीच्या धाकट्या बहिणीच्या, दामिनीच्या घरी होती. दामिनीचा नवरा धनंजय हा कैलाशचा साडभाऊ. तोही एकोडीचाच. कोणाची गाडी जास्त दिवस चालते यावरून दोघांचे दर लग्नात आणि तेरवीत वाजायचे.

शेवटी बाबूलालने माळ्यावरून एक टायर खाली टाकला. माप बरोबर होते, नक्षी मागच्याच चाकाची होती, रबर मऊ होते. असा एकच होता. कैलाशने गळ्यातला दुपट्टा काढून टायरला गाठ मारली, बसमध्ये सीट धरतात तशी, आणि चाक आणायला गावी गेला.

तो चाक घेऊन परतला तेव्हा दुपट्टा खुर्चीवर पडला होता. दुकानासमोर धनंजय तो टायर आपल्या गाडीच्या कॅरिअरला बांधत होता.

"म्या सांगतलं त्याले, कैलाशचा दुपट्टा हाय म्हणून," बाबूलाल म्हणाला. "आयकतच नाही."

"हे काय बसची सीट होय का, दुपट्टा टाकला अन् झाली तुही?" धनंजय म्हणाला.

कैलाशने त्याच्या गाडीचे मागचे चाक पाहिले. टायर जवळपास नवा होता.

"तुह्या गाडीले कायले पाह्यजे?"

"ठेवतो. कधी कामी पडंल. तुही गाडी भंगारात जाईन, भाऊ, तवा माही चालत राहीन."

कैलाशने जमिनीवरची टायर उचकटायची लोखंडी पट्टी उचलली. पहिला फटका कॅरिअरवर बसला. दुसरा धनंजयच्या मनगटावर, आणि हाड मोडल्याचा आवाज बाबूलालला आतपर्यंत ऐकू आला. धनंजय खाली बसला. कैलाशने त्याला लाथेने पाडले आणि पट्टी पुन्हा उगारली. बाबूलालने धावत येऊन मागून कंबर धरली नसती तर तिसरा फटका डोक्यात होता. धनंजयने कैलाशच्या पायाला चावा घेतला. कैलाशने पाय झटकून त्याच्या तोंडावर मारला. ओठ फाटला, एक दात मातीत पडला. मग कैलाशने दोरी सोडली, टायर आणि आपले चाक घेतले आणि निघाला. दुपट्टा विसरला.

दवाखान्यात धनंजयने गाडीवरून पडलो असे सांगितले. साडभावाने मारले हे त्याला कागदावर नको होते.

रविवारी सकाळी कैलाश अंगणात रिमवर टायर चढवत होता. दामिनी आली. तिच्या हातात चाक होते, धनंजयच्या गाडीचे, टायरसकट. तिने ते कैलाशच्या अंगावर फेकले. तो गुडघा धरून बसला.

"घ्या, भाऊजी. हेही घ्या. माह्या माणसाचा हातच नाही उरला, चाक काय चाटाचं हाय?"



उर्वशी घरातून आली. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातात लाकडे फोडायची कुऱ्हाड. तिने नवऱ्याला बाजूला हो म्हटले नाही. कुऱ्हाड उचलली तसा तोच सरकला. पहिला घाव कैलाशने आणलेल्या टायरवरून उसळून तिच्या कपाळापर्यंत परत आला. दामिनीने धावत येऊन दांडा धरला. मग दोघींनी मिळून घाव घातले, एकाच जागी, रबर फाटून आतली तार दिसेपर्यंत.

"गाडी माह्या बापानं देल्ली," उर्वशी धापा टाकत म्हणाली. "माह्या बहिणीचा माणूस मारासाठी नाही देल्ली." मग दामिनीकडे वळली. "चाक घेऊन जा आपलं. जवायाचा हात जुळंल तवा लागंल."

सोमवारी दूध टेम्पोतून गेले.

त्यानंतर कैलाश चाक घेऊन बाबूलालकडे गेला आणि सतराची रिम टाकून दे म्हणाला. बाबूलालने त्याला बस म्हटले नाही. चाक घेतले, जुने स्पोक कापायला सुरुवात केली, आणि हाताला लागलेले ग्रीस खुर्चीवरच्या दुपट्ट्याला पुसले.