रायफलवरची लाल रेघ

मित्रांनो, माझ्या पेटीत, माझ्या पाठीखाली, एक पत्र सगळा हिवाळा पडून होते. वहीतून फाडलेला कागद, त्यावर पेन्सिलीचे गिचमिड अक्षर. ते मला आलेले नव्हते. पान्याला कोण पत्र लिहिणार? ते व्हर्न लिंडक्विस्ट या म्हाताऱ्याला आले होते आणि त्याने त्याचे उत्तर दिले नव्हते. तो गराजमध्ये यायचा, पेटी उघडायचा, पत्र वाचायचा आणि घडी घालून पुन्हा माझ्याखाली सरकवायचा. हळूहळू मला त्या कागदाची किळस येऊ लागली. खरे सांगायचे तर कागदाची नव्हे. त्याच्यावर निमूट निजून राहणाऱ्या स्वतःची.

मी एक जुना टॉर्क पाना आहे. आयुष्यभर एकच शब्द बोलणाऱ्याने आपली कहाणी सांगायला बसावे, हे जरा अतीच आहे. नीट सांगता येईल असेही वाटत नाही. पण सांगतो.

साध्या पान्याला फिरवणे तेवढे कळते. मला थांबणे कळते. माझ्या मुठीवर आकडे कोरलेले आहेत. मूठ फिरवून हवा तो आकडा लावायचा आणि स्क्रू आवळत जायचे. तेवढा जोर लागला, की माझ्या पोटातली स्प्रिंग हार मानते आणि मी ‘टक्’ म्हणतो. टक् म्हणजे बस, आता पुरे. कारखान्यातून निघताना एका चष्मेवाल्या बाईने माझे नाक यंत्रात अडकवून माझी परीक्षा घेतली होती. “हा खरं बोलतो,” असे ती शेजारणीला म्हणाली. तेवढ्या तीन शब्दांवर मी पुढची कितीतरी वर्षे काढली.

व्हर्नचे घर अमेरिकेतल्या मोंटानाच्या माळावर, गावाच्या टोकाला. तो शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. मुलांपेक्षा परीक्षानळ्यांशी बोलणे त्याला सोपे जाई. निवृत्त झाल्यावर तो गराजमध्ये रायफली जुळवू लागला. नळी एकीकडून यायची, लाकडी दस्ता दुसरीकडून, दुर्बीण तिसरीकडून. व्हर्न ते सगळे टेबलावर मांडून एकत्र आणायचा. दुर्बीण ज्या कड्यांत बसते त्यांचे स्क्रू तर इवलेसे असतात. जास्त आवळले की दुर्बीण चेपते, कमी आवळले की गोळी उडताना ती जागची हलते. तिथे मी लागायचो.

आधी व्हर्न साबणाने हात धुवायचा. मग माझा आकडा लावून, श्वास रोखून, एकेक स्क्रू आवळायचा. टक् झाले की हात लगेच मागे. नंतर बायकोच्या, आर्डिथच्या, नखाला लावायच्या लाल रंगाची बाटली आणायचा आणि स्क्रूच्या डोक्यावरून कडीवर एक बारीक सलग रेघ ओढायचा. पुढे कधी स्क्रू फिरला तर ती रेघ तुटते आणि पाहणाऱ्याला कळते. शेवटी मला पुसून, माझी मूठ खालच्या आकड्यापर्यंत परत फिरवून, मगच पेटीत निजवायचा. स्प्रिंगला आराम लागतो, मित्रांनो. ताणून ठेवलेली स्प्रिंग थकते, आणि थकलेली स्प्रिंग वेळेआधीच हार मानते.

त्या दिवसांत मी सुखी होतो. एकच माणूस मला बघवत नसे. आर्डिथचा भाऊ, डुएन.

डुएन तंबाखू चघळायचा आणि कोकच्या रिकाम्या डब्यात थुंकायचा. तो डबा तो आमच्याच टेबलावर ठेवी. डब्याच्या तोंडाशी तपकिरी लाळेचा धागा लोंबत असे, आणि कधीकधी तो माझ्या शेजारी गळे.

“डुएन, उचल तो डबा!” आर्डिथ दारातूनच ओरडायची. “मागच्या वेळी मी तो तोंडाला लावणार होते.”

“मग कळली असती खरी चव,” डुएन खो खो हसायचा. मग व्हर्नकडे वळायचा. “काय प्रोफेसर, स्क्रू आवळतोयस की बाळंतपण करतोयस?”

“होतंच आहे,” व्हर्न पुटपुटायचा.

“आमच्या मनगटाला कळतं रे किती आवळायचं. पाना सांगेपर्यंत कोण थांबतो!”

व्हर्नचे कान लाल व्हायचे. तो काहीच बोलायचा नाही. माझ्यासारखाच तोही.

एका उन्हाळ्यात व्हर्नच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. तो इस्पितळात असताना डुएन गराजमध्ये आला आणि मला पेटीतून उचलून घेऊन गेला. त्याच्या लाकडे फोडायच्या यंत्राचे बोल्ट गंजून बसले होते. मी आवळणारा, सोडवणारा नव्हे. पण त्याने माझी मूठ शेवटच्या आकड्यापर्यंत पिळली, माझ्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली आणि तो बुटाने त्या नळीवर उभा राहिला. बोल्टमधून काळे, आंबूस वासाचे तेल माझ्या तोंडात उतरले. माझ्या आत काहीतरी चरकले. काम झाल्यावर त्याने मला पँटला पुसले आणि तसाच पिळलेला पेटीत टाकला. व्हर्न घरी आला, बरा झाला. तोवर मी त्या ताणातच पडून होतो.

व्हर्नने पेटी उघडली आणि माझी मूठ पाहिली. त्याच्या चेहऱ्यावरून सावली गेली.

“मीच विसरलो असेन,” तो स्वतःशी म्हणाला. “हल्ली विसरतो मी.”

त्याने मूठ खाली फिरवली. मला ओरडावेसे वाटले. पण माझ्याजवळ एकच शब्द, आणि आता तोही बिघडलेला.

शिकारीचा मोसम तोंडावर आला तेव्हा डुएनने आपल्या नातीला रायफल द्यायचे ठरवले. तिचे नाव ब्रिन. वेणीला रबर नसले तर तार बांधणारी पोरगी. रायफलीचे भाग खोक्यात घेऊन ती स्वतःच आमच्याकडे आली.

“व्हर्न आजोबा, मी पण हात लावू?”

“आधी धुऊन ये.”

ती धुऊन आली. व्हर्नने मला तिच्या हातात दिले आणि तिच्या हातावर आपला हात ठेवला. आकडा लावला. स्क्रू फिरू लागला, आणि माझ्या पोटातली थकलेली स्प्रिंग अर्ध्या वाटेतच हरली. टक्!

“बोलला!” ब्रिनने टाळी वाजवली.

मी खोटे बोललो होतो. मित्रांनो, त्या टाळीचा आवाज मला अजून सहन होत नाही. तिने स्वतः लाल रेघ ओढली, जीभ दातांत धरून, अगदी सरळ.

पुढचे मी डुएनच्या तोंडून ऐकले. पहिल्याच शनिवारी ब्रिनला एक देखणा हरीण-नर दिसला. तिने नेम धरला, श्वास सोडला, गोळी झाडली. गोळी छातीत लागायची ती पोटात लागली. जनावर आतडी लोंबवत झुडपात पळाले. त्यांना ते दुसऱ्या दिवशी सापडले, तेही डोमकावळ्यांच्या गर्दीवरून. पोट फुगलेले, डोळे गेलेले, वाया गेलेले सगळे मांस. डुएन हे हसत सांगत होता आणि मधूनमधून डब्यात थुंकत होता.

“पोटफोडी म्हणतो आम्ही तिला आता! जेवायला बसली की मुलं विचारतात, ए पोटफोडे, आज काय फोडणार? रडते वेडी!”

नंतर ते पत्र आले. त्यात एवढेच होते: “व्हर्न आजोबा, मी नेम नीट धरला होता, शपथ. आज रायफल पुसताना पाहिलं, ती लाल रेघ तुटली आहे. ती आधीच तशी होती का? कुणी माझं ऐकत नाही. तुम्ही तरी सांगा. ब्रिन.”

रेघ तुटली म्हणजे काय, हे व्हर्नला पुरते ठाऊक होते. मुलगी चुकली नव्हती, स्क्रू सैल होता. आणि स्क्रू आवळणारा हात त्याचा होता. त्याने उत्तर लिहायला घेतले, फाडले. पुन्हा घेतले, पुन्हा फाडले. “माझा हात गेला, आर्डिथ,” तो एकदा म्हणाला. “तसं लिहू कसं? उद्या कोण विश्वास ठेवील?”

“अरे, पण ती पोर वाट बघत असेल.”

“लिहितो. उद्या लिहितो.”

बर्फ वितळले, तरी तो उद्या उजाडला नाही.

एप्रिलमध्ये डुएन ती रायफल खांद्यावर टाकून आला आणि धाडकन टेबलावर आपटली.

“दुर्बीण पुन्हा बसवून दे, प्रोफेसर. नातवाला, कोल्टरला देतोय ही. पोरीच्या हातात दम नाही. पुढच्या आठवड्यात इस्टरच्या जेवणात सगळ्यांदेखत देणार, म्हणजे तिलाही अक्कल येईल.”

व्हर्नने भिंग घेऊन कड्या पाहिल्या. लाल रेघ मधोमध दुभंगलेली होती. त्याने मला पेटीतून काढले.

“अरे, हा!” डुएन खूष होऊन म्हणाला. “दणकट आहे हं बेटा. तू इस्पितळात होतास ना, तेव्हा ह्यानंच माझे गंजके बोल्ट सोडवले. नळी चढवून उभा राहिलो वर, तरी मोडला नाही.”

व्हर्न थबकला.

“आणि मूठ? मूठ परत फिरवलीस?”

“ती कशाला फिरवायची? होती तशीच टाकली.”

व्हर्न कामाला लागला. माझे नाक त्याने टेबलाला बसवलेल्या लोखंडी शिकंज्यात आवळले, दांड्याचे अंतर पट्टीने मोजले, टोकाला बादली अडकवली आणि मापाने पाणी ओतू लागला. जेवढ्या पाण्याला मी बोलायला हवे होते, त्याच्या जेमतेम निम्म्यालाच मी बोलून गेलो. टक्! त्याने बादली रिकामी करून पुन्हा भरली. पुन्हा तेच. त्या फुटक्या आवाजाची मला शिसारी आली. व्हर्न मात्र कितीतरी महिन्यांनी ताठ उभा राहिला.

“मला वाटत होतं, माझा हात गेला,” तो म्हणाला. “पाना बिघडला होता, डुएन. तू बिघडवलास. स्क्रू सैल राहिला तो त्यानं. ब्रिनचा नेम बरोबर होता.”

“एका स्क्रूचं काय घेऊन बसलास! गोळी पोरीनं झाडली, स्क्रूनं नाही.”

“तिला पोटफोडी म्हणतोस तू.”

“गंमत असते रे ती!”

“मला ओकारी येते त्या गमतीची.” व्हर्नचा आवाज चढला नव्हता, पण आर्डिथ दारात येऊन उभी राहिली होती. “रायफल इथंच राहील. ब्रिन येईल, आणि तीच घेऊन जाईल.”

“माझ्या पैशांची आहे ती!”

“तू ती तिला दिली होतीस. आणि तो डबा उचल. पुन्हा माझ्या टेबलावर दिसला तर तुझ्या टोपीत ओतीन.”

डुएनने बहिणीकडे पाहिले. तिने नुसते दाराकडे बोट दाखवले. पहिल्यांदाच तो आपला डबा आपल्या हाताने घेऊन गेला.

त्याच दुपारी व्हर्नने उत्तर लिहिले आणि आर्डिथला वाचून दाखवले.

“ब्रिन, रेघ आधी तुटलेली नव्हती. तू सरळ ओढली होतीस. स्क्रू सैल राहिला होता, म्हणून दुर्बीण हलली. तुझा नेम नीट होता. हे मला तुझं पत्र वाचल्याबरोबर कळलं होतं, आणि तरी मी गप्प बसलो. त्याची मला लाज वाटते. रायफल माझ्याकडे आहे, ती तुझीच आहे. इस्टरला मी जेवायला येतोय आणि हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. मला बोलता येत नाही, तेव्हा तू माझ्या शेजारी बस. व्हर्न आजोबा.”

“नेहमी मागच्या दारानं पळतोस तू जेवणातून,” आर्डिथ म्हणाली. “शर्ट इस्त्री करते.”

मला त्याने खोक्यात भरले. पाने तपासून दुरुस्त करणाऱ्या कारखान्याकडे मी निघालो होतो. घरासमोरच्या, रस्त्याकाठच्या टपालपेटीत आधी माझे खोके गेले, मग त्यावर ते पत्र. या वेळी ते माझ्या पाठीखाली नव्हते, छातीवर होते. टपाल न्यायचे आहे हे कळावे म्हणून व्हर्नने पेटीचा छोटा लाल पत्र्याचा झेंडा उभा केला.

मित्रांनो, मी पुन्हा नीट होईन की नाही, सांगता येत नाही. म्हातारी स्प्रिंग आहे. पण माझ्यासारखा कुणी तुमच्या घरी असेल, तर त्याच्यावर उभे राहू नका. काम झाले की त्याचा ताण उतरवून ठेवा. आणि काही तुटलेले दिसले, कुणी तुम्हाला विचारले, तर उत्तर पेटीत दाबून ठेवू नका. वाट बघणाऱ्यालाही पीळ बसतो.

अंधारात मी गाडी थांबल्याचे ऐकले. टपालवाल्या बाईने पेटी उघडली, पत्र उचलले, मला उचलले आणि जाता जाता झेंडा खाली पाडला.

टक्.

तेवढा आवाज मात्र अगदी वेळेवर झाला.