पोटाचा श्वास

पोहायला शिकवणारे मास्तर म्हणजे दमदाटीचं आगर. हौदाच्या काठावरून दिवसभर ओरडा चालायचा, "खांदे काय उडवतोस गाढवा? पोटाने घे श्वास." त्यांची लेक मात्र भल्याभल्यांना पाणी पाजायची, लाडाने तिला ते बेडकी म्हणत. अन् नशीब बघा, उभा जन्म पाण्यात काढलेली पोरगी पडली ती कोरड्या जिन्यावरून. मान मोडली.

आता ती खाटेवर होती, गळ्याला भोक पाडून यंत्राची नळी लावलेली. शुद्धीवर होती. डोळे फिरायचे, ओठ हलायचे, आवाज तेवढा नव्हता.

"मेंदू हुकूम सोडतोय," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "पण श्वास ओढणारा पडदा असतो ना, छाती आणि पोटाच्या मधला, त्याची नस मानेतून निघते. मज्जारज्जू तिच्याही वर चिरडलाय. निरोप पोचत नाही. आज नळी जरा वेळ काढून बघू. पडदा हलला, तर आशा आहे."

"हलेल हो. माझ्या हाताखाली तयार झालीय ती."

नळी काढली. मास्तरांनी लेकीच्या पोटावर पंजा ठेवला. "हं, बेडके, घे. सावकाश."

तिच्या मानेच्या शिरा ताठल्या, खांदे उचलले गेले.

"बघा, घेतला," मास्तर म्हणाले.

"ते मानेचे स्नायू, मास्तर. त्यांची नस वेगळी, वरून येते. तेवढ्यावर भागत नाही."

हे काय त्यांना सांगायला हवं होतं? याच खोट्या श्वासापायी त्यांनी किती पोरं रडवली होती. पण बापाचं काळीज मेलं ऐकतंय थोडंच. हाताखालचं पोट तसूभर हलेना, आणि हे आपले खांद्यांकडे बघून म्हणतायत, "जमतंय. अजून एकदा."

ओठ निळे पडले. डॉक्टरीणबाई नळी घ्यायला वळल्या, तेवढ्यात बेडकीचे ओठ हलले. बापाला स्पष्ट कळलं. नको. परत लावू नका.

"काही म्हणाली का ती?" डॉक्टरीणबाईंनी वळून विचारलं.

"घाबरलीय," मास्तर म्हणाले. "लवकर लावा म्हणतेय."

बेडकीला ऐकू सगळं येत होतं. यंत्राने तिची छाती फुगवली. तिने बापाकडे एकदा नीट बघितलं आणि डोळे मिटले. मास्तर कितीतरी वेळ हाका मारत बसले, पण तिने काही ते उघडले नाहीत.